तेच पाप पुन्हा पुन्हा का घडतं, आणि त्यातून बाहेर कसं यायचं

ज्यांच्या रानात कुंदा हे चिवट तण आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. वरून खुरपला की आठ-दहा दिवसांत तो पुन्हा हिरवा. काळ्या जमिनीत त्याच्या काशा, म्हणजे जमिनीखालच्या गाठाळ मुळ्या, खोलवर गेलेल्या असतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, मागून काशा वेचायच्या आणि जाळायच्या, तेव्हा कुठे तो हटतो. वेचलेली काशी बांधावर टाकली तर पहिल्या पावसात तिथंच फुटते.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पापाशी चालते ती बहुतेक वेळा वरची खुरपणी असते. रविवारी प्रभुभोजनाआधी पापकबुलीची प्रार्थना मनापासून म्हटली जाते, डोळ्यांत पाणीही येतं. बुधवारी पुन्हा तीच शिवी, तीच बाटली, मोबाइलवर तीच चित्रं, भावाबद्दल तोच कडवटपणा. मग कुणी "माझं तारणच झालेलं नाही" म्हणून खचतो, तर कुणी "माणूस म्हटल्यावर चालायचंच" म्हणून लढणंच सोडतो. आमच्या मते दोघांचीही चूक एकच आहे. मोह दारात येऊन उभा राहिल्यावर आपण "नाही" म्हणू, असा त्यांचा भरवसा असतो. त्या घटकेला माणसाच्या अंगात फार थोडं बळ उरलेलं असतं. पाप रात्री दहाला घडतं, पण ठरतं संध्याकाळी सातला. म्हणून लढायचं ते सातला. कसं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. घाई न करता तीन महिने द्या.

आधी पाया: क्षमा पदरात असलेला माणूसच लढू शकतो

रोमकरांस पत्राचा क्रम नीट पाहा. तिसऱ्या ते पाचव्या अध्यायात देव पाप्याला ख्रिस्तावरच्या विश्वासामुळे नीतिमान ठरवतो. पवित्र जीवनाचा विषय त्यानंतर, सहाव्या ते आठव्या अध्यायात येतो. आपण हा क्रम उलटा करतो. आधी मी सुधारतो, मग देव मला जवळ घेईल, असं धरून चालतो. नवस फेडायचा, प्रायश्चित्त घ्यायचं, पुण्याचा साठा करायचा, ही सवय इथल्या मातीत जुनी आहे आणि बाप्तिस्म्यानंतरही ती आपोआप जात नाही.

स्वतःला तपासायची एक सोपी खूण आहे. पाप घडल्यावर पुन्हा प्रार्थनेला बसायला तुम्हाला किती वेळ लागतो? "दोन-तीन दिवस तोंड दाखवायची लाज वाटते" असं उत्तर असेल, तर ते दोन-तीन दिवस तुम्ही स्वतःच शिक्षा भोगून क्षमा कमवायला बघताय. योहानाच्या पहिल्या पत्रात १:९ मध्ये अशी मुदत कुठेही नाही. पाप पदरी घेतलं, कबूल केलं, तर देव विश्वासू आणि न्यायी असल्यामुळे क्षमा करतो आणि शुद्धही करतो. म्हणून पहिला नियम हा: कबुली त्याच दिवशी, झोपायच्या आधी. उद्यावर ढकलायची नाही.

रोमकर ६:११ मध्ये पौल सांगतो की तुम्ही स्वतःला पापाला मेलेले आणि ख्रिस्तात देवासाठी जिवंत असे "माना". मूळ ग्रीक शब्द हिशेबाचा आहे. खात्यावर रक्कम जमा झाली की ती आपली; खिशात वाजत नाही म्हणून नाकारायची नसते. तसं वाटत नसलं तरी मानायचं. लगेच पुढे, ६:१३ मध्ये, आपले अवयव देवाच्या हाती द्यायला सांगितलं आहे. हे शब्दशः घ्या. डोळे, जीभ, हात, पाय, एकेकाचं नाव घेऊन सकाळी देवाच्या हाती द्यायचे. "सगळं जीवन अर्पण करतो" ही प्रार्थना तोंडावर पटकन येते, पण त्यात काहीच ठरत नाही. "आज दुपारी आडतीवर माझी जीभ तुझ्या ताब्यात" या प्रार्थनेत काहीतरी ठरतं.

चौदा दिवसांची वही

"माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर" ही कबुली नाही, कारण तिच्यात पापाचं नावच नाही. दावीदाला नाथान संदेष्ट्याने नाव घेऊन सांगितलं तेव्हा त्याचं काळीज फुटलं (२ शमुवेल १२), तोवर नाही.

एक चाळीस पानी वही घ्या. चौदा दिवस रोज रात्री दहा मिनिटं त्यात लिहायचं. घडलेल्या प्रत्येक पापाच्या चार नोंदी करायच्या: वार आणि वेळ; काय केलं, साध्या क्रियापदात; त्याआधीच्या दोन तासांत मी कुठे होतो, कुणाबरोबर, पोटात काय होतं; आणि त्यातून मला नेमकं काय हवं होतं. अशी एखादी नोंद दिसेल:

"मंगळवार, रात्री ९:४०. पोरांसमोर बायकोला शिवी दिली. आधी: सोयाबीन घेऊन आडतीवर. ओलावा १४ दाखवून भाव पाडला, तिथं एक शब्द बोललो नाही. सकाळपासून दोन चहा, जेवण नाही. हवं होतं: कुणीतरी माझं ऐकावं."

या चार ओळींत त्या माणसाला आपला राग ओळखू येतो. आडत्यासमोर जी भीती गिळली ती घरात, जो उलटून बोलणार नाही त्याच्यावर निघाली. याने नुसतं "रागावर विजय दे" म्हणून वर्षभर प्रार्थना केली तरी तो त्याच जागी राहील, कारण मुळाशी माणसांचं भय आहे (नीतिसूत्रे २९:२५), मान मिळावा ही भूक आहे आणि उपाशी पोट आहे. त्याचे उपाय तीन आहेत: आडतीवर काट्याची पावती सौम्यपणे पण स्पष्ट मागणं, दुपारची भाकरी बांधून नेणं, आणि उंबरा ओलांडण्याआधी बाहेर दोन मिनिटं थांबून दिवसभराचा अपमान देवापुढे बोलून टाकणं.

वही लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. दुसऱ्यांची नावं लिहू नका. वासनेच्या पापाचं वर्णन लिहू नका, नुसती खूण करा, नाहीतर वहीच मोहाचं साधन होते. आणि ती कुलपात ठेवा. चौदा दिवसांनी सगळी पानं एकत्र वाचली की बहुतेकांना दिसतं, की ज्यांना ते दहा वेगळी पापं समजत होते ती दोन-तीनच आहेत, आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, थकवा, भूक, एकटेपणा किंवा हातातला पैसा यांच्या मागून येतात.

त्यातलं एकच निवडा. सगळ्यांवर एकदम चालून जाणारा पंधरा दिवसांत दमतो. निवडायचं कोणतं? घरातल्या माणसांना ज्याची झळ सर्वांत जास्त बसते ते. आणि शंका असेल तर वहीत जे लिहायला हात सर्वांत जास्त कचरला, तेच.

इथं थोडं थांबून एक गोष्ट बोलायला हवी. काही पापं वहीत येतच नाहीत, कारण मंडळीत त्यांना पाप म्हणतच नाहीत. दारू पिणारा सगळ्यांना दिसतो. पण मुलाचं स्थळ बघताना "ख्रिस्ती तर आहेत, पण मूळचे कोण?" असं हळूच विचारणारा वडील प्रभुभोजनाला पहिल्या ओळीत असतो. हुंड्याला "मुलीच्या बापाने खुशीने दिलं" म्हणतात. बहिणीची निंदा "प्रार्थनेचा विषय" म्हणून सांगितली जाते. मजुराची शंभर रुपयांची मजुरी पुढच्या आठवड्यावर ढकलली जाते, तीही याकोब ५:४ ठाऊक असताना. अंत्युखियात पेत्राने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून अंग काढून घेतलं, तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर विरोध केला. गलतीकर २:११-१४ वाचा. पौलाने त्याला शिष्टाचाराची चूक म्हटलं नाही. हे वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असं म्हटलं. मराठवाड्यातल्या मंडळ्यांत पवित्रतेबद्दल बोलायचं आणि जातीबद्दल गप्प बसायचं, हे आम्हाला पटत नाही. ही नोंदसुद्धा वहीत झाली पाहिजे.

साखळी उलटी मोजा

याकोब १:१४-१५ मध्ये पापाच्या जन्माचा क्रम दिला आहे: माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, भुलतो, वासना गर्भ धरून पापाला जन्म देते, पाप वाढून मरणाला. पाप जन्मताना थांबवणं अवघड असतं, त्याच्या कितीतरी आधी सोपं असतं. दावीद राजाने ज्या गच्चीवरून बथशेबेला पाहिलं, ती गच्ची सगळ्यांना आठवते. पण २ शमुवेल ११ ची सुरुवात वाचा. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद यरुशलेमातच राहिला. पाडाव तिथून सुरू झाला होता.

निवडलेलं पाप कागदाच्या तळाशी लिहा आणि वर वर चढत जा. समजा मोबाइलवरची अश्लील चित्रं आहेत. साडेअकराला पाहिली. अकराला फोन घेऊन अंथरुणात होतो. दहाला सगळे झोपले, मी एकटाच जागा. साडेनऊला बायकोशी अबोला. सातला कामावरचं काहीतरी मनात सलत होतं, ते कुणालाच सांगितलं नाही. आता या कड्यांतली सर्वांत वरची अशी कडी शोधा, जी तोडायला फारसं बळ लागत नाही. साडेअकराला फोन खाली ठेवणं ही पैलवानी आहे. साडेनऊला तो मधल्या खोलीत चार्जिंगला लावून येणं कुणालाही जमतं. गजरासाठी फोन लागतो ही सबब दीड-दोनशे रुपयांच्या घड्याळाने संपते. डोळा उपटून टाकण्याची प्रभूची कठोर भाषा (मत्तय ५:२९) अशा ठिकाणी कामाला येते: साधनच हाताशी ठेवायचं नाही. रोमकर १३:१४ मध्येही देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका, असंच सांगितलं आहे. घरात ठेवलेली बाटली, सेव्ह केलेला नंबर, लपवलेलं दुसरं सिमकार्ड, ही सगळी तरतूद आहे.

लढायचं कधी आणि पळायचं कधी, यात गल्लत होते. सैतानाला विरोध करा, असं याकोब ४:७ सांगतो. पण व्यभिचाराबद्दल १ करिंथ ६:१८ आणि तारुण्यातल्या वासनांबद्दल २ तीमथ्य २:२२ एकच आज्ञा देतात, पळा. पोटीफरच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफाने तिथं उभं राहून प्रार्थना केली नाही, अंगावरचं वस्त्र सोडून पळाला. वासनेपुढे उभं राहून आपलं बळ तपासणारा बहुतेक वेळा हरतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मधली खोली नसते, एकांत नसतो, पहाटेच फड गाठायचा असतो. तिथं धोक्याचे दिवस दोन: मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडते तो, आणि आठवडी बाजाराचा. उचल घ्यायला नवरा-बायकोने मिळून जायचं. त्याच संध्याकाळी दोघांनी बसून पैसे मोजायचे आणि वाटे पाडायचे: किराणा, पोरांचं, देणं, देवाचं. बाजाराला एकट्याने जायचं नाही. वाचायला उजेड आणि वेळ नसेल तर गावाकडून निघण्यापूर्वीच फोनमध्ये ध्वनिरूपातलं शुभवर्तमान उतरवून घ्या. एक अध्याय बैलांना चारा घालता घालता ऐकून होतो.

रिकामी जागा भरा

मत्तय १२:४३-४५ मध्ये अशुद्ध आत्मा निघून गेलेलं घर झाडलेलं, सजवलेलं असतं, पण रिकामं. म्हणून तो सात जणांना घेऊन परततो. पाप काढलं आणि तिथं काहीच लावलं नाही, तर तीन-चार आठवड्यांत तेच किंवा त्याचं भावंड येतं. दारू सुटली आणि संध्याकाळच्या त्या दोन तासांत पत्त्यांचा अड्डा किंवा फोनवरची पैशांची रमी आली, असं गावोगाव दिसतं.

इफिसकर ४:२५-३२ मध्ये पौल प्रत्येक वेळी जोडी देतो. खोटं टाका, खरं बोला. चोरी सोडा, हातांनी कष्ट करा, गरजवंताला द्यायला आपल्याजवळ असावं म्हणून. म्हणजे चोराने नुसती चोरी थांबवून भागत नाही, त्याचा देणारा झाला पाहिजे. तुमच्या पापाची जोडी ठरवा आणि ती वेळ ठरवून करा. ज्याच्या पिकाचा, नोकरीचा हेवा वाटतो, त्याचं नाव घेऊन रोज त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा आणि आठवड्यातून एकदा त्याच्या उपयोगी पडा. पहिले पंधरा दिवस हे जिवावर येतं. हाव असेल तर महिन्यातून एकदा, परत येणार नाही अशा ठिकाणी, कुणाला न कळता द्या. शिव्यांची सवय असेल तर घरातल्या प्रत्येकाला दिवसातून एक तरी खरं, चांगलं वाक्य बोला.

तंबाखू-गुटख्याची तलफ काही मिनिटांत ओसरते, पण ती मिनिटं हात आणि तोंड रिकामं ठेवून जात नाहीत. खिशात लवंग किंवा बडीशेप ठेवा, पाणी प्या, जागा बदला. पहिला आठवडा सर्वांत जड जातो. १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. तिथं फोन करणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

दारूबद्दल मात्र एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याने उपास-प्रार्थनेत एकदम सोडली तर जीवावर बेतू शकतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं. पुष्कळदा याला "भूत अंगात आलं" समजून रात्रभर प्रार्थना चालते आणि दवाखाना राहून जातो. अशा माणसाला सोडायच्या आधीच जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात न्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडू द्या, आणि प्रार्थना तिथं खाटेशेजारी बसून करा.

आणखी एक. काहींच्या मनात देवाविरुद्ध घाणेरडे विचार नको असताना घुसतात, आणि ते तीच कबुली दिवसातून पन्नास वेळा करतात तरी त्यांना चैन पडत नाही. हा पश्चात्ताप कमी पडल्याचा प्रकार नसून मनाचा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. अशांना जास्त कबुली करायला लावू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

रोजचा अर्धा तास

सकाळी वीस मिनिटं, रात्री दहा. सकाळच्या वीसपैकी पहिली पाच स्तुतीला, दहा वचनाला, शेवटची पाच आजचा दिवस डोळ्यांपुढे आणून अवयव देवाच्या हाती द्यायला. पहिला महिना फक्त रोमकर ६, ७, ८ पुन्हा पुन्हा वाचा. दुसऱ्या महिन्यात कलस्सैकर ३ आणि इफिसकर ४-५. स्तोत्र ३२ आणि ५१ हाताशी असू द्या.

आठवड्याला एक वचन पाठ करा, पण आपल्या पापाच्या जोडीचं. सर्वसाधारण आशीर्वादाची वचनं भिंतीवर चांगली दिसतात, मोहाच्या घटकेला सापडत नाहीत. रागासाठी याकोब १:१९-२०, पैशाच्या लोभासाठी इब्री १३:५, वासनेसाठी १ थेस्सलनीकाकर ४:३-५, खोटेपणासाठी इफिसकर ४:२५. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा प्रभूने तिन्ही वेळा अनुवाद पुस्तकातलं वचन वापरलं, आठव्या आणि सहाव्या अध्यायांतलं, आणि प्रत्येक वेळी त्या मोहाला नेमकं लागू पडणारं. पाठ होत नसेल तर चाल लावून म्हणा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनांवर वाढलेल्या मराठी मंडळीला चालीवर पाठ करणं नवं नाही.

उपास पूर्ण दिवसाचा असलाच पाहिजे असं नाही. शुक्रवारी एक वेळचं जेवण सोडा, पाणी प्या, तो वेळ प्रार्थनेला द्या आणि वाचलेलं धान्य गरजवंताला द्या. मधुमेही, गरोदर, औषधं चालू असलेले आणि उन्हात कष्टाचं काम करणारे यांनी अन्नाऐवजी फोनचा किंवा टीव्हीचा उपास करावा. भुकेला "थांब" म्हणायला शिकलेलं शरीर वासनेलाही "थांब" म्हणायला शिकतं, एवढ्यासाठीच तो आहे. देवाकडे धरणं धरण्यासाठी उपास करू नका.

एका माणसाला सांगा

हा टप्पा सगळे टाळतात, आणि टाळल्यावर बाकीचं सगळं हळूहळू ढासळतं. पाप अंधारात वाढतं. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. विश्वासणाऱ्याला शेजार लागतो, हे आपल्या भागात नवं ज्ञान नाही.

माणूस निवडताना: पुरुषाने पुरुष, बाईने बाई. वयाने किंवा विश्वासाने थोडा पुढचा. आपल्या भावकीतला, देण्याघेण्यातला किंवा आपल्या हाताखालचा नको. आधी एखादी लहान गोष्ट सांगून पाहा. ती आठ दिवसांत दुसऱ्याकडून कानावर आली तर तिथंच थांबा. वीस-पंचवीस घरांच्या मंडळीत सगळेच नातेवाईक असतात, तेव्हा तालुक्याच्या मंडळीतला कुणी गाठा आणि फोनवर बोला. कॅथलिक बंधुभगिनींना फादरांजवळ पापनिवेदनाची वाट आहे आणि तिथलं गुपित बाहेर जात नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास. तीनच प्रश्न: या आठवड्यात ते पाप घडलं का? साखळीतली पहिली कडी तोडली का? आत्ता मला अर्धंच सांगितलंस का? ऐकणाऱ्याने धक्का बसल्यासारखा चेहरा करायचा नाही, प्रवचन द्यायचं नाही. १ योहान १:९ मोठ्याने वाचून "तुला क्षमा आहे" असं सांगायचं आणि हात धरून प्रार्थना करायची. ऐकलेलं स्वतःच्या बायकोलाही सांगायचं नाही.

गुपिताला एक मर्यादा आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हे कारण तिथं चालत नाही. मदतीचे क्रमांक: मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१. मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, क्षमा कर" म्हणून त्याच घरात परत पाठवणारा पाळक नवऱ्याच्या पापात भागीदार होतो.

कबुली पाप पसरलं तेवढीच पसरवायची. मनातलं देवाजवळ, एकाविरुद्धचं त्या एकाजवळ, मंडळीसमोरचं मंडळीसमोर. साक्षीच्या वेळी व्यासपीठावरून वासनेचं सविस्तर वर्णन केलं तर ऐकणाऱ्या पोरांच्या मनात नवं बी पडतं.

भरपाई

लेवीय ६:१-७ मध्ये फसवून घेतलेलं पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितला आहे, आणि तो मूळ मालकाला, दोषार्पण वाहण्याच्या दिवशीच. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार. जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केलं (लूक १९:८). एकदम जमत नसेल तर कागदावर हप्ते लिहून द्या आणि पहिला हप्ता त्याच भेटीत द्या.

क्षमा मागताना वाक्य छोटं ठेवा: "मी तुझ्या बांधाचा दगड सरकवला. ते पाप होतं. मला क्षमा कर." मध्ये "पण" आला की सगळं वाया गेलं, "पण तूही त्या साली…" तर मुळीच नको. समोरचा लगेच हो म्हणेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या मनाला वेळ लागेल. जमिनीचा वाद असेल तर क्षमा मागून झाल्यावर सरकारी मोजणी दोघांनी मिळून मागवा आणि निघेल ती हद्द माना. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो, म्हणजे हे रविवारच्या आधी व्हायचं काम आहे.

एकाच ठिकाणी जायचं नाही. जुन्या अनैतिक संबंधातल्या व्यक्तीकडे "क्षमा मागायला" जाऊ नका, मेसेजही करू नका. तिथं पाळकांशी बोलून ठरवा.

पडल्यावर काय

पडाल. नीतिसूत्रे २४:१६ मध्ये नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो. पेत्रानेही प्रभूला नाकारलं, यहूदानेही दगा दिला. पेत्र रडून परत आला, यहूदा स्वतःच्या लाजेत एकटा राहिला. २ करिंथ ७:१० मध्ये दोन दुःखांमधला फरक हाच सांगितला आहे.

त्याच रात्री देवाजवळ कबुली. चोवीस तासांत त्या एका माणसाला फोन. मग वहीत नोंद आणि एकच प्रश्न: कोणती कडी तोडायची राहिली? बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं. पाहुणे आले म्हणून फोन खोलीत राहिला, किंवा डबा न्यायचा राहिला. ती कडी दुरुस्त करा. "आजपासून मरेपर्यंत कधीच नाही" अशी शपथ घेऊ नका. ती मोडली की लाज दुप्पट होते. स्वतःला शिक्षा म्हणून उपासनेला जाणं बंद करू नका, महिनोन्महिने प्रभुभोजन टाळू नका. १ करिंथ ११:२८ मध्ये माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे. परीक्षा करून परत जा, असं तिथं नाही. आणि "सैतानाने करवलं" म्हणून मोकळे होऊ नका. गलतीकर ५:१९ या गोष्टींना देहाची कामं म्हणतो.

वाढ होते आहे हे कशावरून ओळखायचं? दोन पडण्यांमधलं अंतर लांबतं. पडल्यापासून उठेपर्यंतचा वेळ कमी होतो. साखळीतली आणखी वरची कडी दिसू लागते. आणि घरातल्यांना फरक जाणवतो. म्हणून तीन महिन्यांनी बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलांना एकदा शांतपणे विचारा, "माझ्यात काही बदललं का?" आणि उत्तर ऐकून वाद घालू नका. बदल दिसला नाही असं ते म्हणाले तर पुन्हा चौदा दिवस वही लिहा. बहुधा निवडलेलं पाप वरचं पान होतं, काशी दुसरीच आहे.

एक पाप मागे पडू लागलं की हमखास एक नवं डोकं वर काढतं: दारू सुटलेला पिणाऱ्याला तुच्छ लेखू लागतो, उपास करणारा न करणाऱ्याकडे बघून नाक मुरडतो. लूक १८ मधला परूशी, जकातदाराला तुच्छ लेखणारा, आठवड्यातून दोनदा उपास करत होता. हे दिसताक्षणी वहीत लिहा, त्याच चार नोंदींत, आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी तेच निवडा. आधीची पानं त्या एका माणसाबरोबर प्रार्थना करून जाळून टाकायला हरकत नाही. फोन मात्र रात्री साडेनऊला अजूनही मधल्या खोलीतच चार्जिंगला लावायचा.